झाकणावरचे बुवा

आमच्या घरासमोरच्या फुटपाथवर एक लोखंडी झाकण आहे. गटाराचं म्हणा, पाण्याच्या वाहिनीचं म्हणा, मी कधी वाकून पाहिलं नाही. त्यावर एक माणूस घडवलेला आहे. डोक्यावर टोपडं, अंगात पायघोळ झगा, एका हातात पुस्तक आणि दुसरा हात वर. म्युनिकमध्ये अशी झाकणं बरीच आहेत. गीझिंगमधल्या या घरात आलो तेव्हापासून रोज सकाळी त्या माणसाच्या तोंडावर बूट ठेवून मी यू-बान, म्हणजे इथली मेट्रो, गाठत होते आणि तो तिथे आहे हेही मला ठाऊक नव्हतं. नानांना तो पहिल्याच सकाळी दिसला.

नाना म्हणजे माझे सासरे, आत्माराम. राहणार कराड. सगळी नोकरी मोजणी खात्यात गेली. भावाभावांच्या भांडणात बांध नेमका कुठून जातो हे ठरवायचं काम, त्यामुळे माणूस कायम खाली बघून चालणारा. जुलैत सासूबाई गेल्या, घरात ते एकटे उरले आणि माझ्या नवऱ्याने, देवदत्तने, त्यांना तीन महिन्यांच्या व्हिसावर इकडे आणलं. तीन महिन्यांनी काय, हे कुणी विचारलं नाही. आमच्या घरात नको ते प्रश्न विचारायचं खातं माझ्याकडे असतं, पण सुतकाच्या घरात कोण तोंड उघडणार?

त्या सकाळी मी त्यांना घेऊन बेकरीत पाव आणायला निघाले. फाटकातून बाहेर पडतो न पडतो तोच नाना गचकन थांबले. मागून बाबागाडी ढकलत येणारी बाई त्यांच्यावर आदळता आदळता राहिली.

"अहो नाना, काय झालं?"

"अगं, बुवा आहेत इथे."

"कोण बुवा?"

 त्यांनी पायातली चप्पल काढली, वाकून झाकणाला हात लावला, तो हात छातीला लावला आणि झाकणाला वळसा घालून पलीकडे गेले.

"पाय लागेल," ते म्हणाले. "तूही बाजूने ये."

मी काही बाजूने गेले नाही. मला ऑफिसला उशीर होत होता आणि गटाराच्या झाकणाला नमस्कार करायची वेळ माझ्यावर अजून आली नव्हती. बेकरी चौकात आहे, पण वाटेत अशी आणखी झाकणं निघाली आणि प्रत्येकापाशी चप्पल निघाली. पाव घेऊन घरी आलो तेव्हा माझी सकाळची मीटिंग होऊन गेली होती. मी चिडले होते आणि ते चेहऱ्यावर दिसत होतं. नाना मात्र खुशीत होते. "फार धार्मिक गाव आहे," असं त्यांनी देवदत्तला सांगितलं.

संध्याकाळी जेवताना हा विषय निघाला आणि आमच्या ईप्सिताने तो उचलून धरला. ईप्सिता आठ वर्षांची. मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये. शाळेत नुकताच शहराच्या वापनचा, म्हणजे बोधचिन्हाचा, धडा झाला होता, त्यामुळे तिच्या अंगात बाईच संचारल्या होत्या.

"दास इस्ट काइन बुवा, नाना! दास इस्ट दास म्युन्शनर किंडल!"

"काय म्हणते?" नानांनी मला विचारलं.

"म्हणते, तो बुवा नाही. ते म्युनिकचं बाळ आहे. शहराचं चिन्ह. आणि तो हात वर करून पाहुण्यांना टाटा करतोय, असं त्यांच्या बाईंनी सांगितलंय."

"बाळ? बाळाच्या हातात एवढी पोथी कशाला? आणि टाटा कसला, आशीर्वादाचा हात आहे तो."

मी ते जर्मनमध्ये सांगितलं. ईप्सिताने कपाळावर हात मारला. मग तिने चित्र काढून दाखवलं, गोबऱ्या गालांचं. नानांनी तिच्याच पेन्सिलीने त्या गालांवर दाढी काढली. तिने खोडली. त्यांनी परत काढली. दोघांच्या मध्ये बसून मी इकडचं तिकडे करत होते आणि माझी पोळी गार झाली. सासूबाई गेल्यावर नाना पहिल्यांदा हसले ते त्या दाढीवरून.

निवाडा केला तो आमच्या तळमजल्यावरच्या फ्राऊ लेशनरनी. त्यांच्या लाल जिरेनियमचं एक फूल रोज सकाळी कमी होत होतं आणि रोज सकाळी ते फुटपाथवरच्या झाकणावर सापडत होतं. मी घाबरत घाबरत माफी मागायला गेले. या देशात मी माफी आधी मागते आणि गुन्हा काय ते नंतर विचारते. पण बाई जन्मापासूनच्या म्युनिकच्या. आपल्या किंडलला कुणी फूल वाहतंय म्हटल्यावर त्या विरघळल्याच. त्यांनी नानांना कुंपणापाशी बोलावून घेतलं आणि मला दुभाषी म्हणून उभं केलं.

त्या म्हणाल्या, दोघांचंही बरोबर आहे. ही वस्तीच मुळात साधूंच्या मठाजवळची, म्हणून गावाचं नाव त्यांच्यावरून पडलं. शहराच्या जुन्या शिक्क्यावर साधूच होता, चांगला मोठा माणूस, डोक्यावर टोपी ओढलेला. बोधचिन्हात अजूनही तोच आहे. काळा झगा, त्याला सोनेरी काठ, पायात लाल जोडे, डाव्या हातात लाल पुस्तक. पण चिन्ह म्हटलं की ते कुणीतरी कोरायचं, रंगवायचं, दगडात घडवायचं. शतकानुशतकं प्रत्येकाने आपापल्या हाताने ते केलं. कुणी गाल जरा भरले, कुणी उंची जरा उतरवली. असं करा म्हणून कुणी हुकूम काढला नव्हता. लोकांच्या लक्षात आलं तोवर साधूचं मूल झालं होतं. आता तर उत्सवाच्या मिरवणुकीत त्या वेशात एक मुलगी घोड्यावर बसते.

"आणि मध्ये एका राजाच्या अमदानीत साधूला काढूनच टाकलं होतं," त्या म्हणाल्या. "वेशीच्या दारात सिंह आणून बसवला. काही वर्षांनी पुढच्या राजाने परत आणलं त्याला."

"हाताचं काय?" नानांनी मला विचारायला लावलं. "आशीर्वाद की टाटा?"

"दोन्ही नाही. ते पुस्तक शपथेचं आहे. हात शपथ घ्यायला वर केलाय."

हे मी मराठीत सांगितल्यावर नाना एकदम ताठ उभे राहिले. फ्राऊ लेशनरना कळो न कळो, ते मराठीत त्यांच्याशीच बोलू लागले.

"बाई, आमच्या मोजणीतही हेच. दोघं भाऊ भांडत यायचे. मी साखळी टाकायच्या आधी दोघांना बांधावर उभं करायचो. पायात काही घालायचं नाही, हात वर करायचा आणि शपथ घ्यायची. म्हणायचो, आता सांग, बापाने दगड कुठे पुरला होता. कोर्टात खोटं बोलणारी माणसं बांधावर खोटं बोलत नाहीत." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आशीर्वाद काय, कुणीही देतं. शपथ पाळावी लागते. तिला सांग हे."

मी सांगितलं. बाईंनी मान हलवली आणि जिरेनियमची एक कुंडी नानांच्या नावावर केली.

असे ते सुरुवातीचे दिवस होते. मी अजूनही त्या झाकणावरून सरळ चालत होते, पण नाना सोबत असले की निमूट बाजूने जायला लागले होते. घरात म्हाताऱ्या माणसाचा खोकला, रेडिओवर लावलेल्या बातम्या, सकाळी उकळणारा चहा, हे सगळं मला आवडायला लागलं होतं. मी ते देवदत्तला बोलून दाखवलं नाही. लगेच डोक्यावर बसला असता.

मग नानांनी मला एकदा "प्रभा" म्हणून हाक मारली. प्रभा म्हणजे माझ्या सासूबाई. दुःखात असं होतं, आम्ही म्हणालो. मग ते आंघोळीला गेले आणि कोरडेच बाहेर आले, कशासाठी गेलो होतो म्हणून विचारायला. मग एका दुपारी चौकातल्या बेकरीतून त्यांना परत येता येईना. ज्या माणसाने अर्धा सातारा जिल्हा पायी मोजला, तो आमच्या फाटकासमोर उभा राहून लोकांना कराडची एसटी कुठे मिळते ते विचारत होता. मी धावत खाली गेले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आपलं काहीतरी चुकतंय हे त्यांना कळत होतं, आणि ते सगळ्यात वाईट होतं.

डॉक्टरांनी चित्रं दाखवली, घड्याळ काढायला सांगितलं, डोक्याचा फोटो काढला. नाव सांगितलं, डेमेन्झ, म्हणजे स्मृतिभ्रंश. वेगाने वाढतोय, म्हणाले. बायकोच्या जाण्याने झाकलेलं उघडं पडलं असेल. आता यांना एकटं ठेवू नका, जागा बदलू नका, रोजची माणसं बदलू नका. हे ऐकताना देवदत्त मान डोलवत राहिला आणि घरी आल्यावर म्हणाला, "आल्झो, ठरलं तर, नाना आता इथेच राहणार. मी बघतो."

तो बघायला लागला तेव्हा काय दिसलं ते सांगते. दोन हजार चोवीसच्या मार्चनंतर ज्यांना इथे नोकरीचा परवाना पहिल्यांदा मिळाला, त्या कुशल माणसांना आईवडिलांना कायमचं आणता येतं. त्याआधी आलेल्यांना नाही. देवदत्तला इथे येऊन बारा वर्षं झाली. बारा वर्षं गाड्यांचे गिअरबॉक्स सुधारले, कर भरला, जर्मनमध्ये स्वप्नं पडायला लागली, आणि म्हणून तो नियमात बसत नाही. त्याच्याच टीममधला उत्कर्ष गेल्या वर्षी नाशिकहून आला, तो बसतो. उत्कर्षचे आईवडील ठणठणीत आहेत आणि त्यांना इकडे यायचंच नाही. "थंडी असते म्हणे," असं त्याची आई म्हणते. हे उत्कर्षने हसत हसत सांगितलं आणि मग देवदत्तचा चेहरा बघून बिचाऱ्याने विषय बदलला.

उरला एकच रस्ता. कुटुंबावर असामान्य आपत्ती असेल तर सूट मिळते. त्यासाठी आम्ही परदेशी नागरिकांच्या कार्यालयात गेलो. मी भांडायच्या तयारीने गेले होते. समोरची बाई आवाज चढवणारी असती, फाइल हरवणारी असती, तर मी तिला सोलून काढलं असतं. पण ही माझ्याहून लहान, नम्र, तयारी करून बसलेली. तिने सगळं वाचलं होतं. नानांना तिने स्वतः उठून पाणी दिलं.

ती म्हणाली, सूट कधी, तर आजारी माणसाची काळजी त्याच्या देशात घेताच येत नसेल तेव्हा. तुमच्या गावाजवळ अशी केंद्रं आहेत. ती महाग असतील, पण तुम्हा दोघांचे पगार चांगले आहेत. तुम्ही ती काळजी विकत घेऊ शकता.

"म्हणजे आम्ही गरीब असतो तर चाललं असतं?" मी विचारलं.

"तर तुम्हाला त्यांचा इथला खर्च झेपला नसता," ती म्हणाली. "मग तेही चाललं नसतं." आणि खरोखर वाईट वाटून म्हणाली, "मला माफ करा. माझी आजीही अशीच आहे."

आता अशा बाईशी काय भांडणार? मी बाहेर आले आणि पायऱ्यांवर बसून रडले. राग काढायला माणूस नसतो तेव्हा राग कुठे ठेवायचा ते मला कुणी शिकवलेलं नाही. नाना माझ्या पाठीवरून हात फिरवत होते. "होईल काम," ते म्हणाले. "साहेबीण चांगली आहे." कुठलं काम ते त्यांना आठवत नव्हतं.

ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी बारीक पाऊस लागला होता. मी स्वयंपाकघरात होते, ईप्सिता गृहपाठ करत होती आणि दार उघडं होतं हे मला गार वारा आला तेव्हा कळलं. नाना नव्हते. फुटपाथवरच्या झाकणापाशी नव्हते, बेकरीपाशी नव्हते. मी ईप्सिताला फ्राऊ लेशनरकडे ढकललं आणि चप्पल न घालता मोज्यांवर पळत सुटले. मी कुठल्या दिशेला पळत होते ते मला माहीत नव्हतं. मी नुसती त्यांना हाका मारत होते.

ते सापडले मोठ्या रस्त्यावर. तिथेही एक झाकण आहे, रस्त्याच्या मधोमध. नाना त्याच्यापाशी उकिडवे बसले होते, अंगावरची शाल त्यांनी झाकणावर पांघरली होती आणि कडा नीट खोचत होते. मागे एक निळी बस थांबली होती. बसच्या अंगावर तेच चिन्ह, हात वर केलेलं. दोन पोलीस, एक पुरुष आणि एक बाई, त्यांच्यावर छत्री धरून उभे होते आणि त्यांना उठवायला धजावत नव्हते.

"प्रभा," नाना मला म्हणाले, "कुणाचं पोर आहे गं हे? केव्हाचं भिजतंय. आई कुठेय त्याची?"

पोलिसांच्या गाडीतून आम्ही घरी आलो. शाल नानांनी तिथेच सोडायला लावली, पोराला थंडी वाजेल म्हणून. ईप्सिताला मी सगळं सांगितलं नव्हतं, पण नाना जेवताना परत परत त्या भिजणाऱ्या पोराबद्दल बोलत राहिले आणि तिला ते कळलं. तिचा चेहरा उजळला.

"मामा! येट्स्ट झाग्ट एअर आउख किंडल!" जर्मनमध्ये मामा म्हणजे आई. आता नानापण बाळच म्हणतात. शेवटी तीच जिंकली होती. ती टाळ्या पिटत नानांच्या गळ्यात पडली. आणि मी उठून बेसिनचा नळ मोठा सोडला, कारण माझ्याने ते बघवेना. या शहराला साधूचं मूल करायला कित्येक शतकं लागली. आमच्याकडे ते एका मोसमात झालं, आणि आमच्याकडेही कुणी हुकूम काढला नव्हता.

देवदत्तने पोलिसांचा अहवाल त्या कार्यालयात पाठवला. आता तरी दिसेल त्यांना, असं तो म्हणत होता. उत्तर तेच आलं, आणि तेही सहानुभूतीचं. त्याशिवाय प्रवासाचा विमा संपत होता आणि हा आजार कागदावर आल्यावर नवा विमा कोण देणार? विमा नाही तर पुन्हा व्हिसाही नाही. एकदा गेले की गेले, हे आम्हा दोघांना कळत होतं.

दोघांपैकी कुणीतरी कराडला जाऊन राहायचं, हा विषय एकदाच निघाला. मी म्हणाले, तू जा. तो म्हणाला, तू चल. मग ईप्सिताची शाळा निघाली, घराचे हप्ते निघाले, इथली नोकरी सोडली की परत मिळायची नाही हे निघालं. सगळं खरं होतं. नाना पलीकडच्या खोलीत ईप्सिताच्या पेन्सिलीने कागदावर गोल काढत बसले होते आणि आम्ही दबक्या आवाजात ही खरी कारणं एकमेकांना देत होतो. शेवटी देवदत्तने कराडजवळचं एक केंद्र शोधलं. फोटोत बाग होती. शुभाताई नावाच्या तिथल्या बाई फोनवर प्रेमाने बोलल्या. त्याने पैसे भरले आणि रात्रभर तो माझ्याकडे पाठ करून जागा होता.

नानांना आम्ही सांगितलं, कराडला जायचंय, देवदत्त पोचवायला येणार आहे. ते "बरं" म्हणाले. निघायच्या सकाळी स्वच्छ ऊन पडलं होतं. टॅक्सी फाटकाशी उभी होती, देवदत्त बॅगा चढवत होता, फ्राऊ लेशनर खिडकीत उभ्या होत्या. मी नानांचा हात धरून बाहेर आले आणि झाकणापाशी नाना गचकन थांबले. पहिल्या दिवशी थांबले होते तसेच.

त्यांनी बूट काढले. मग ते माझ्याकडे बघू लागले, आणि त्यांच्या नजरेत पूर्वीचे नाना परत आले होते. कित्येक दिवसांत आले नव्हते, आणि आलेच ते आता.

"ऊर्मिला," ते म्हणाले. प्रभा नाही, ऊर्मिला. "मला कुठे नेताय?"

"कराडला, नाना."

"घरी?"

मी त्यांच्या कोटाचं बटण लावू लागले.

"घरी नाही," ते म्हणाले. "मला समजतंय. माझं डोकं जातंय, तेही समजतंय. मला परत आणशील का इथे?"

देवदत्त टॅक्सीच्या डिकीत डोकं खुपसून उभा होता. बॅगा केव्हाच चढवून झाल्या होत्या.

"त्याला नाही विचारत मी," नाना म्हणाले. "तो मला वाईट वाटू नये म्हणून हो म्हणेल. तू तोंडावर बोलणारी आहेस. तू सांग."

लग्न झाल्यापासून या घरात माझ्या तोंडाळपणाबद्दल मी पुष्कळ ऐकलंय. सासूबाईंकडून, देवदत्तकडून. नानांनी त्याच्यावर एवढा भरवसा ठेवला असेल हे मला माहीत नव्हतं.

"आणीन, नाना," मी म्हणाले.

"असं नाही. बूट काढ. यांच्यासमोर उभी राहा. हात वर कर."

मी बूट काढले. फुटपाथ गार होता. झाकणावरच्या माणसाने हात वर केला होता तसा मी उजवा हात वर केला.

"शपथेवर सांग."

मी नानांकडे पाहिलं आणि मनात हिशेब केला. हे विमानात बसेपर्यंत विसरतील. टॅक्सी वळेपर्यंतच विसरतील. आज सकाळचा चहा त्यांना आठवत नाही, तर हे कुठून आठवणार? एवढाच आधार होता माझ्याकडे, आणि समोर ते अनवाणी उभे होते आणि विमान थांबणार नव्हतं.

"शपथेवर सांगते," मी म्हणाले. "मी तुम्हाला परत आणीन."

नानांचा चेहरा सैल झाला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, बूट घातले आणि झाकणाला वळसा घालून आपणहून टॅक्सीत जाऊन बसले. माझा हात अजून वरच होता. खिडकीतून फ्राऊ लेशनरना वाटलं मी निरोपाचा हात हलवतेय. त्यांनीही हात हलवला.

देवदत्त दहा-बारा दिवसांनी परत आला. केंद्र चांगलं आहे, म्हणाला. स्वच्छ आहे, बाग फोटोतल्यासारखीच आहे. मग तो आंघोळीला गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. रविवारी आम्ही तिकडे व्हिडिओ कॉल लावतो. पहिल्या कॉलला नानांनी देवदत्तला ओळखलं नाही. "कुणाकडचे आपण?" असं नम्रपणे विचारलं. ईप्सिताने चित्र दाखवलं, गोबरे गाल आणि दाढी दोन्ही काढलेलं. नानांनी "छान आहे, बाळ" म्हटलं आणि बागेकडे बघत बसले. मी समोर गेले तर मलाही त्यांनी ओळखलं नाही. खरं सांगते, मला हायसं वाटलं.

मग शुभाताईंनी फोन आपल्याकडे घेतला.

"बाकी काही त्रास नाही हो," त्या म्हणाल्या. "जेवतात, झोपतात. नाव विचारलं तर सांगता येत नाही, गाव सांगता येत नाही. फक्त एक आहे. रोज सकाळी कपडे पिशवीत भरतात आणि फाटकाशी जाऊन बसतात. कशाला बसलात विचारलं तर म्हणतात, सून न्यायला येणार आहे. आम्ही म्हणतो, आजोबा, आज नाही येणार. तर आमच्यावरच चिडतात. म्हणतात, शपथ घेतलीय तिने, अनवाणी. येईल." मग त्यांनी मलाच विचारलं, "काय सांगू त्यांना?"

 तोंडावर बोलणारी मी. नेटवर्क गेलं असं दाखवून मी फोन बंद केला.

आता इथे थंडी सुरू झालीय. सकाळी मी ईप्सिताला शाळेत सोडायला निघते, नेहमीसारखा उशीर झालेला असतो. काल तिने माझा हात ओढला.

"मामा, वारुम गेएस्ट डू इमर द्रुमहेरुम?" तू नेहमी वळसा घालून का जातेस, असं ती विचारत होती. स्वतः ती झाकणाच्या मधोमध उभी होती.

"इकडे ये," मी म्हटलं. "पाय लागेल."